फिस्टुला बंद पडेल या धास्तीने रात्री झोप नाही, आणि आता बलून करायला सांगितलंय

शाळेत शिकवणाऱ्या एका ताईंनी विचारलंय. वय ४६, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. मनगटावरचा पहिला फिस्टुला (डायलिसिसच्या सुयांसाठी हातातली धमनी शिरेला जोडून केलेली वाट) एका पहाटे बंद सापडला आणि घाईघाईत मानेत नळी घालावी लागली. आता डाव्या कोपरावरचा दुसरा फिस्टुला दीड वर्ष चाललाय. पण गेले तीन आठवडे मशीनवर व्हेनस प्रेशर (रक्त परत शिरेत सोडतानाचा दाब) जास्त दिसतंय आणि सुई काढल्यावर रक्त लवकर थांबत नाही. डॉक्टर म्हणाले, फिस्टुलोग्राम (डाय, म्हणजे एक्स-रेत दिसणारं औषध, सोडून शिरेचं चित्र) करू आणि गरज पडली तर बलून (अरुंद शीर आत फुगा फुगवून रुंद करणं) करू. ताई रात्री पाच-सहा वेळा उठून हात चाचपतात आणि डायलिसिसच्या आदल्या दिवशी त्यांना जेवण जात नाही. त्यांचे प्रश्न दोन: "मी वेडी होत चाललेय का? आणि बलून नाही केलं तर चालेल का?"

ताई, मी डायलिसिस टेक्निशियन. चोवीस वर्षं झाली, सुया टोचतेय. डॉक्टर नाही, त्यामुळे तुमच्या हातावर काय करायचं ते तुमचे डॉक्टरच ठरवतील. पण दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते, कारण ते लांबणीवर टाकण्यासारखं नाही. बलून टाळू नका. प्रेशर वाढतंय आणि रक्तही उशिरा थांबतंय, ही दोन्ही लक्षणं एकत्र आली की पुढे कुठेतरी शीर अरुंद झालीय असं समजायचं. तुमचा पहिला फिस्टुला गेला तेव्हा असं काही आधी दिसलं होतं का? बहुधा दिसलं असेल, पण कुणी तुम्हाला सांगितलं नसेल. या वेळी कळलंय, आणि फिस्टुला चालू असताना कळलंय.

आता पहिला प्रश्न. वेड्या होत नाही आहात. एकदा पहाटे उठून हाताला हात लावला आणि थरथर लागली नाही, हे ज्याने अनुभवलंय तो पुन्हा तपासणारच. आमच्या युनिटमध्ये एक आजोबा होते, ते फिस्टुल्याचा हात कानाशी धरून झोपायचे. त्यांची नात म्हणायची, आजोबांच्या हातात मांजर घुरघुरतं. आजोबांना त्या आवाजाशिवाय झोप येत नसे आणि त्या आवाजापायी धड झोपही लागत नसे. तुमचं तेच झालंय. हात चाचपला की जीव भांड्यात पडतो, दहा मिनिटांनी परत शंका येते. जितक्या वेळा तपासाल तितकी ती शंका लवकर येते.

म्हणून तपासणं बंद करा असं मी सांगणार नाही. तपासायलाच हवं. फक्त त्याच्या वेळा ठरवा. सकाळी दात घासून झाल्यावर, दुपारी जेवायच्या आधी, रात्री अंथरुणावर पडताना. शिवाय डायलिसिस संपल्यावर युनिटमधून निघण्यापूर्वी एकदा, आणि बीपी उतरलं, जुलाब-उलट्या झाल्या, चक्कर आली तर त्यानंतर. बाकी वेळी हात जागेवर. रात्री जाग आली आणि हात शिवशिवला तर स्वतःला सांगा, साडेदहाला बघितलंय, आता सहाला बघायचं. पहिले चार-पाच दिवस जड जातात. मग मन ऐकायला लागतं.

तपासायचं कसं, तेही नीट शिकून घ्या, कारण अर्धी भीती चुकीच्या तपासण्यातून येते. बोटांची पेरं जोडाच्या जागी हलकी ठेवा, दाबू नका. तिथे सलग थरथर लागायला हवी, पाण्याची मोटर चालू असताना पाइपला हात लावल्यावर लागते तशी. हा थ्रिल. मग बोटं शिरेवरून वर खांद्याकडे सरकवत न्या, तो हळूहळू मऊ होत जातो. थरथर न लागता नुसती नाडीसारखी ठक-ठक लागत असेल, शीर टणक ताठलेली असेल, तर पुढे अडथळा आहे. एक गंमत करून बघा. पडल्या पडल्या हात सरळ वर उचला. चांगल्या फिस्टुल्याची शीर रिकामी होऊन बसते. ती फुगलेलीच राहिली तर ते टेक्निशियनला सांगण्यासारखं आहे. आणि हेही लक्षात घ्या की कूस बदलताना हात उशीवर, डोक्याच्या वर गेला असेल, किंवा बीपी खाली असेल, तर थ्रिल मंद लागतो. रात्री दोन वाजता अर्धवट झोपेत "गेला, गेला" म्हणून घाबरणारे निम्मे लोक असे हात डोक्याखाली घेऊन झोपलेले असतात. उठून बसा, हात मांडीवर ठेवा, दोन मिनिटांनी परत बघा.

खरोखरच लागला नाही तर? याचा कागद आजच करून ठेवा. युनिटचा नंबर, डॉक्टरांचा नंबर, रात्री गाडी कोण काढणार, फाइल कुठे आहे. थ्रिल गेला की त्याच वेळी फोन, उद्याच्या शिफ्टची वाट बघायची नाही. गुठळी ताजी असताना, पहिल्या चोवीस-अठ्ठेचाळीस तासांत, फिस्टुला परत चालू करण्याची शक्यता चांगली असते. चोळायचं नाही, शेक द्यायचा नाही, मालिश तर नाहीच. काही खाल्लं-प्यायलं असेल तर किती वाजता, ते लक्षात ठेवा, लागलीच प्रोसिजर ठरली तर विचारतील. हा कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. मी पाहिलंय, कागद झाला की चाचपणं आपोआप कमी होतं. "बंद पडला तर काय" याचं उत्तर घरात लिहिलेलं असतं ना.

दुसरी रात्रीची भीती रक्ताची. झोपेत सुईच्या जागेतून रक्त सुरू झालं तर? त्या जागेवर अंगठा किंवा दोन बोटं थेट घट्ट दाबायची, हात वर धरायचा, घरच्यांना हाक मारायची, १०८ ला फोन. टॉवेलचे वेढे गुंडाळत बसू नका, टॉवेल रक्त पितो आणि खाली चालूच राहतं. असं अचानक होत नाही म्हणतात ते बरंचसं खरं आहे. आधी कातडी पातळ, चकचकीत होते, खपली बरी होत नाही, फुगवटा भराभर वाढतो. यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी दाखवायचं.

आता शीर अरुंद का होते ते सांगते, कारण पेशंट मनातल्या मनात स्वतःला दोष देत बसतात. "मी त्या दिवशी बादली उचलली म्हणून." नाही हो. शेतातल्या पाटाला नदीचं पाणी सोडलं तर काय होईल? फिस्टुल्यात तेच केलेलं असतं. धमनीचा जोर शिरेत सोडलेला असतो. तयार फिस्टुल्यातून मिनिटाला सहाशे मिली आणि त्याहून पुष्कळ जास्त रक्त वाहतं, मशीनला त्यातलं अडीचशे-तीनशे लागतं. शीर या जोरासाठी बनलेली नाही. तिची आतली भिंत काही ठिकाणी जाड होत जाते. कोपराच्या फिस्टुल्यात तर खांद्याजवळ, जिथे शीर वळसा घेऊन आत शिरते, तिथे अरुंद होणं अगदी नेहमीचं. त्यात तुमच्या बादलीचा काही संबंध नाही.

याचा दुसरा अर्थही नीट ऐका, कारण इथे मी गोड बोलणार नाही. बलून केलं म्हणजे कायमचं मिटलं असं नसतं. बऱ्याच जणांना काही महिन्यांनी, वर्षाने परत लागतं. हे आधी माहीत नसलं की दुसऱ्या वेळी माणूस कोसळतो, "इतकं करूनही वाया गेलं" म्हणतो. वाया गेलेलं नसतं. विहिरीतला गाळ दर उन्हाळ्यात काढतो तेव्हा विहीर बाद झाली असं कुणी म्हणत नाही. माझ्याकडे तीन-चार वेळा बलून करून त्याच फिस्टुल्यावर वर्षानुवर्षं डायलिसिस घेणारी माणसं आहेत.

आणि फिस्टुला जपण्यासाठी इतका आटापिटा का, तर याच्याइतकं चांगलं दुसरं अजून मिळालेलं नाही. १९६० साली सिअॅटलमध्ये स्क्रिब्नर यांनी टेफ्लॉनच्या नळ्या हातात कायम बसवून पहिल्यांदा पुन्हापुन्हा डायलिसिस शक्य केलं. पण नळ्या बाहेर लोंबायच्या, जंतुसंसर्ग आणि गुठळ्या ठरलेल्या. १९६६ साली न्यूयॉर्कमधल्या ब्रेशिया, सिमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मनगटातली धमनी आणि शीर एकमेकांना जोडून केलेल्या फिस्टुल्याची माहिती प्रसिद्ध केली. साठ वर्षं होत आली, प्लॅस्टिक बदललं, मशीन बदलली, पण पहिली पसंती अजून आपल्याच शिरेला आहे.

आता त्या दिवशी नेमकं काय होईल. जे दिसत नाही त्याची भीती जास्त, म्हणून बारीकसारीक सांगते. कॅथ लॅब, म्हणजे जिथे हे करतात ती खोली, थंडगार असते. तुम्हाला उताणं झोपवतील, डावा हात बाजूच्या फळीवर पसरून ठेवतील, औषधाने पुसतील, अंगावर हिरवी किंवा निळी चादर. भूल फक्त तेवढ्या जागेची. ते इंजेक्शन चरचरतं, डायलिसिसच्या सुईच्या भुलीसारखंच. मग शिरेत एक छोटी नळी सरकवतात आणि डाय सोडतात. हात क्षणभर आतून गरम वाटतो. पडद्यावर तुमची शीर काळी दिसते, मानेला जमलं तर बघा. जिथे अरुंद आहे तिथे बारीक तार जाते, तारेवरून बलून, आणि तो फुगवतात. फुगताना पडद्यावर बलूनच्या मधोमध कंबर आवळल्यासारखी दिसते, ती आवळ सुटली की काम झालं.

दुखतं का? त्या फुगवण्याच्या अर्ध्या-एक मिनिटात दुखतं. काहींना नुसता दाब वाटतो, काहींच्या डोळ्यांत पाणी येतं. बलून रिकामा केला की तिथल्या तिथे थांबतं. दोन-तीनदा फुगवावं लागतं. आधीच सांगून ठेवा, "मला दुखण्याची फार भीती आहे, फुगवायच्या आधी सांगा." शिरेतून गुंगीचं, वेदनेचं औषध देता येतं, पण मागितलं नाही तर कित्येकदा द्यायचं राहून जातं. बहुतेक जण त्याच दिवशी घरी जातात. धोके आहेत: शीर फाटू शकते, गुठळी होऊ शकते, डायची अॅलर्जी होऊ शकते, जमलं नाही तर काही दिवस मानेत नळी लागू शकते. शीर फाटली तर बराच वेळ तोच बलून फुगवून ठेवतात किंवा आतून स्टेंट घालतात, म्हणजे त्याची तयारी तिथेच असते. डायने किडनीचं काय, हे सगळे विचारतात. अजून लघवी होत असेल तर तसं डॉक्टरांना सांगा, ते डाय जपून वापरतील. डाय काढायला लगेच जादा डायलिसिस बहुतेकांना लागत नाही.

डॉक्टरांना भेटाल तेव्हा "सगळं नीट होईल ना?" असं विचारू नका. त्याचं उत्तर "हो हो" असंच येतं आणि घरी आल्यावर त्याचा काडीचा उपयोग होत नाही. हे विचारा: अरुंद कुठे आहे असं वाटतंय, जोडाजवळ की खांद्याजवळ? नाही उघडलं तर पुढची पायरी कोणती? दुसऱ्या दिवशी याच हातावर डायलिसिस होईल का? रक्त पातळ करण्याची गोळी, शुगरची गोळी किंवा इन्सुलिन त्या सकाळी घ्यायचं की नाही? सरकारी आरोग्य योजनेतून डायलिसिस घेत असाल तर हे त्यात बसतं की नाही ते हॉस्पिटलातल्या आरोग्यमित्राला (योजनेचं काम बघणाऱ्याला) आधीच विचारा. पैशाची धाकधूक पण धाकधूकच असते, आणि ती आदल्या संध्याकाळी कळली तर फार वाईट.

मानेतल्या नळीबद्दल तुम्ही एका ओळीत लिहिलंय, पण मला वाटतं तुमच्या भीतीची मुळी तिथेच आहे. घाईत, तोंडावर कापड, मान वळवून धरलेली, कुणी काही सांगत नाही. ते आठवलं की अजून अंगावर काटा येत असेल. ते तसं झालं कारण वेळच नव्हता. पुढेमागे नळी लागलीच तर ठरवून घातलेली परमकॅथ वेगळी असते. ती कातडीखालून बोगद्यासारखी जाऊन छातीवर बाहेर येते, मान मोकळी राहते, पदराआड झाकते. तिची काळजी घ्यावी लागते, ती ओली करायची नाही, आणि मशीन सुरू झाल्यावर थंडी वाजून हुडहुडी भरली तर तेव्हाच सांगायचं. हे सगळं डॉक्टरांना आताच बोलून दाखवा: "मागच्या वेळचा अनुभव वाईट होता, परत करायची वेळ आली तर मला आधी समजावून सांगा." हे सांगण्यात लाज कसली?

सुयांबद्दल माझी स्वतःची एक चूक सांगते. नोकरीला तीन वर्षं झाली होती, हात चालायला लागल्याचा तोरा होता. एका बाईंना सुई घातली, आत गेल्यासारखी वाटली, पंप सुरू केला. बघता बघता कोपराशी लिंबाएवढी गाठ आली. सुई शिरेच्या पलीकडच्या भिंतीतून बाहेर गेली होती. पंप बंद केला, बर्फ लावला, पण त्यांचा हात पंधरा दिवस जांभळा मग हिरवा मग पिवळा होत राहिला. त्यांनी सहा महिने मला हात लावू दिला नाही. इन-चार्ज सिस्टरांनी मला झापलं नाही, एवढंच म्हणाल्या, "त्या बरोबर आहेत." तेव्हापासून मी प्रत्येक पेशंटला सांगते: दोन प्रयत्न फसले की "आता दुसऱ्या कुणाला बोलवा" म्हणायचा तुम्हाला हक्क आहे. आम्हाला राग येत नाही. आला तर तो आमचा प्रश्न.

दुखण्यासाठी बधिर करणारं मलम मिळतं, डॉक्टरांना विचारून घ्या. घरून निघण्यापूर्वी, सुईच्या सुमारे तासभर आधी, दोन्ही जागांवर जाडसर लावून वर पातळ प्लॅस्टिक गुंडाळायचं, आणि युनिटमध्ये हात स्वच्छ धुऊन पुसायचा. पण मलमाच्या नादाने "तिथंच घाला, तिथं दुखत नाही" असं करू नका. एकाच जागी टोचत राहिलं की कातडी बधिर होते हे खरं, पण तिथेच शीर फुगते आणि पातळ होते. जागा शिडीच्या पायऱ्यांसारख्या बदलत न्यायला हव्यात.

सुई घालताना जीव घाबरतो तो दोन तऱ्हांनी. बहुतेकांची छाती धडधडते, श्वास वर अडकतो. त्यांनी श्वास सोडणं लांबवायचं, घेताना चार आकडे, सोडताना सात-आठ. तुम्ही शिक्षिका आहात, सत्तावीसचा पाढा उलटा म्हणा. माझ्या एका पेशंटने तो धरलाय आणि अजून दोनशे सोळाला अडखळतो, तेवढ्यात माझ्या दोन्ही सुया घालून होतात. दुसऱ्या तऱ्हेत घाम फुटतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, बीपी पडतं. त्यांनी अंग सैल सोडायचं नाही. मांड्या आणि पोटऱ्या पंधरा सेकंद घट्ट आवळायच्या, सोडायच्या, परत आवळायच्या. फिस्टुल्याचा हात मात्र सैल. तुमची तऱ्हा कोणती ते टेक्निशियनला सांगून ठेवा.

घरच्यांबद्दल थोडं. "काही होत नाही, उगाच विचार करतेस" हे प्रेमाने म्हटलेलं असतं, पण त्याने माणूस आणखी एकटा पडतो. मिस्टर रोज सकाळी "चालू आहे ना?" विचारत असतील तर त्यांना तो प्रश्न सोडायला सांगा आणि त्याऐवजी काम द्या: फाइल, गाडी, प्रेशरच्या नोंदींची वही. दर वेळी एकाच पंप-स्पीडला व्हेनस प्रेशर किती आणि सुई काढल्यावर रक्त किती मिनिटांत थांबलं, एवढे दोन आकडे लिहायचे. एखाद्या दिवशीचा आकडा चढला तर घाबरायचं नाही, सुईच्या टोकानेही तसं होतं. सलग तीनदा चढला तर बोलायचं. सासूबाईंना हिरव्या बांगड्यांचं वाईट वाटत असेल तर सगळ्या उजव्या हातात भरा. आमच्याकडे बायका अशाच येतात, एक हात भरलेला, एक मोकळा. गंडेदोरे, घड्याळ, पिशवीचा बंद, बीपीचा पट्टा, रक्ताची सुई, यातलं काहीही डाव्या हाताला नको. उजव्या हाताचं रक्तही शक्यतो पंजाच्या मागच्या बाजूने काढायला सांगा, पुढेमागे त्या शिरा लागू शकतात.

एवढं करूनही दोन-तीन आठवड्यांत झोप सुधारली नाही, डायलिसिसला जाऊ नये असं वाटायला लागलं, तासभर आधीच मशीन बंद करा म्हणावंसं वाटलं, तर मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. किडनीच्या डॉक्टरांनाच चिठ्ठी मागा, कारण काही औषधांचा डोस तुमच्यासाठी कमी करावा लागतो. मेडिकलमधून परस्पर झोपेची किंवा दुखण्याची गोळी नको. जगणं नकोसं वाटत असेल तर थांबू नका. १४४१६ हा टेलिमानसचा सरकारी नंबर आहे, फुकट आहे, दिवसरात्र चालू असतो, मराठीत बोलता येतं.

बलूनच्या दिवशी रुंद बाह्यांचा, पुढून उघडणारा ब्लाउज किंवा कुर्ता घाला, आणि पायमोजे न्या, तिथे पाय गारठतात. घरी आल्यावर थ्रिल वेगळा लागेल, बहुधा जास्त जोरात, कधी हात सुजल्यामुळे जरा खोलवर. थोडं काळंनिळं होईल. पुढच्या डायलिसिसला टेक्निशियनला आधी ती जागा दाखवा जिथून नळी घातली होती, म्हणजे तो तिथे सुई घालणार नाही. आणि वहीत त्या दिवसाचं व्हेनस प्रेशर लिहायला विसरू नका. आधीच्या तीन आठवड्यांच्या आकड्यांखालीच लिहा.